पंच क्रमांक दोन

सरकारी कार्यालयात पोलीस ठाण्याचा माणूस पत्र घेऊन आला की आख्खं दालन एकदम कामात बुडतं. ‘तपासकामी दोन शासकीय कर्मचारी पंच म्हणून हजर ठेवावेत’ एवढाच मजकूर असतो, पण तो वाचून कोणाचं बीपी वाढतं, कोणाच्या मुलीला बघायला पाहुणे येतात. पंचनाम्यावरची सही पाच मिनिटांची आणि कोर्टाचे हेलपाटे पाच वर्षांचे, असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पूर्वी ठाण्यासमोरचा चहावाला नाहीतर पानटपरीवाला पंच व्हायचा. एकच माणूस दहा गुन्ह्यांत पंच आणि साक्षीच्या वेळी फितूर. त्यावर उतारा म्हणून गंभीर गुन्ह्यांत सरकारी नोकरच पंच घ्यायचे, असा शिरस्ता महाराष्ट्रात आला. आमच्या साहेबांनी टेबलांवरून एक नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. मी टंचाईच्या फायली बघतो, आणि पावसाळ्यात टंचाई नसते हे त्यांना पक्कं माहीत.

प्रकरण असं होतं. नाशिकला दिंडोरी रोडवर, म्हसरूळकडच्या एका कॉलनीत रात्री दोघं की तिघं बंगल्यात शिरले. खिडकीची काच फोडली, कपाट उचकटलं, जागे झालेल्या आजोबांना मारलं आणि दागिने घेऊन पसार झाले. आजोबा दवाखान्यात, आजी शेजारणीकडे. मारहाण करून लूट म्हटल्यावर शिक्षा सात वर्षांच्या वर जाते, आणि तिथेच नव्या कायद्यातली एक अट लागू होते. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७६ (३) आहे. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने स्वतः घटनास्थळी यायचं, पुरावा गोळा करायचा आणि त्या सगळ्या कामाचं चित्रीकरण व्हायचं. राज्यांना हे पुरतं अमलात आणायला पाच वर्षांची मुदत दिली आहे. आमच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकची व्हॅन आली होती, आमच्या आधी येऊन दारात उभी होती.

श्रावणातली झड लागलेली. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलेलं आणि घरात कपडे चार चार दिवस वाळत नाहीत अशी हवा. हे उगाच वर्णन म्हणून लिहीत नाही. पुढे दिवसभर जे चाललं त्यात निम्मं भांडण या ओलीशी होतं.

दारात एक महिला शिपाई हातात वही घेऊन उभी होती. आत जाणाऱ्याचं नाव, वेळ, कशासाठी. बाहेर आला की पुन्हा वेळ. तिच्याच ठाण्याचा एक अंमलदार ‘मी जरा बघून येतो’ म्हणाला तर तिने त्यालाही विचारलं, “काय बघायचंय, लिहिते.” तो परत फिरला. रात्री फोन आल्यावर पहिली पोचलेली तीच. आजींना फरशी पुसायची होती. रक्ताचे डाग घरात ठेवायचे नाहीत म्हणून शेजारीण बादली-फडकं घेऊन आलीसुद्धा होती. या बाईने बादली बाहेर ठेवली, आजींना शेजारी नेऊन बसवलं आणि हॉलचा दिवा आपण स्वतः कोणत्या बटणाने लावला ते टिपून ठेवलं. खिडकीखाली चिखलात बुटाचा ठसा दिसला, त्यावर बागेतलं घमेलं पालथं घातलं आणि कडेने विटा लावल्या. नंतर आलेल्या सगळ्या तज्ज्ञांइतकंच श्रेय मी तिला देईन. तिने हे केलं नसतं तर सकाळी व्हॅनला पुसलेली फरशी आणि धुऊन गेलेला चिखल मिळाला असता.

दुसरे पंच पाटबंधारे खात्यातले एक भाऊसाहेब होते. वयाने, नोकरीने मोठे, म्हणून ते पंच क्रमांक एक, मी दोन. आम्हाला बुटांवर चढवायच्या पिशव्या, हातमोजे, मास्क आणि डोक्याला जाळी दिली. भाऊसाहेबांना बोलायची सवय. आत गेल्या गेल्या मास्क हनुवटीवर ओढून ते चोर कुठून आला असेल ते सांगू लागले. व्हॅनमधल्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, “भाऊसाहेब, बोलायचं असेल तर बाहेर या. लाळेतही डीएनए असतो.” त्यानंतर दुपारपर्यंत भाऊसाहेब खुणांनी बोलले.

आत लगेच काहीतरी उचलाउचल सुरू होईल असं मला वाटलं होतं. पहिला बराच वेळ कोणी कशाला हात लावला नाही. भिंतीकडेने चालायची एकच वाट ठरवली, खडूने आखली. मग फोटो. खोली चारी कोपऱ्यांतून, मग त्या वस्तूच्या आसपासचं, मग वस्तू जवळून, आणि जवळचा प्रत्येक फोटो एकदा नुसता आणि एकदा शेजारी मोजपट्टी ठेवून. नुसता अशासाठी, की पट्टीखाली काही झाकलं असं नंतर कोणी म्हणू नये. तपासी अधिकाऱ्यांच्या मोबाइलवर ई-साक्ष्य ॲपमध्ये चित्रीकरण चालू होतं. जागा आणि वेळ त्यात आपोआप नोंदली जाते. आम्ही दोघांनी कॅमेऱ्यापुढे नाव आणि खातं सांगितलं. मग टेप धरून मापं. प्रत्येक वस्तूचं अंतर दोन न हलणाऱ्या जागांपासून घ्यायचं, दाराच्या चौकटीचा कोपरा आणि खिडकीचा कोपरा. मी सोफ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा नकाशा काढणारा म्हणाला, “साहेब, सोफा उद्या हे लोक गच्चीवर टाकतील. भिंत कुठे जाते?”

उचलायला सुरुवात झाली ती मात्र आतून नाही, बाहेरून. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. रक्त घरात सुरक्षित होतं, चिखलातला ठसा नव्हता. जे आधी जाणार ते आधी घ्यायचं, असा त्यांचा हिशेब. घमेलं उचललं. आत उजव्या बुटाचा ठसा, टाचेशी एक आडवी चीर स्पष्ट. ती चीर बघून सगळ्यांचे चेहरे उजळले. तळव्याची नक्षी त्या कंपनीच्या हजारो बुटांना असते. चीर त्या एकाच बुटाला. कॅमेरा तिकाटण्यावर अगदी सरळ वरून लावला, टॉर्च बाजूने जमिनीलगत धरला म्हणजे खाचांची सावली पडते. मग साच्यासाठी दाताच्या डॉक्टरांकडे कवळीच्या साच्याला वापरतात ती पावडर, डेंटल स्टोन. प्लास्टर ऑफ पॅरिसपेक्षा ती कडक होते आणि तुटत नाही. वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी घालून पिशवीतच मळली, धिरड्याच्या पिठाइतकी सैल. थेट ठशावर ओतली नाही. कडेला पळी धरून तिच्यावरून हळूच आत वाहू दिली. वरून पडली तर पिठाचाच मार बसून रेषा मोडतात. वर छत्री धरून आम्ही तिघं अर्धा तास उभे. पीठ ओलं असतानाच पाठीवर तारीख, गुन्हा रजिस्टर नंबर आणि दिशेचा बाण कोरला. साचा निघाला तेव्हा खाली चिखल चिकटलेला होता. मी म्हटलं, धुवायचा का? मॅडम म्हणाल्या, “तो चिखलही पुरावाच आहे. वाळू दे, लॅबमध्ये काढतील.” मग त्याच जागेची मूठभर आणि चार हातांवरची मूठभर माती वेगवेगळ्या पाकिटांत घेतली, उद्या कोणाच्या बुटाला माती सापडली तर तुलनेला.

सगळ्यात जास्त वेळ गेला काचेच्या एका तुकड्यावर. खिडकीच्या चौकटीत तो त्रिकोणी तुकडा अजून उभा होता. वरच्या टोकाला वाळलेलं रक्त, आणि मॅडमनी टॉर्च तिरपा धरल्यावर खालच्या अंगाला बोटाच्या रेषा. गुन्ह्याच्या जागी असा सुटलेला ठसा म्हणजे चान्स प्रिंट, असं ठसेवाले म्हणतात. आता आधी कोण? ठसे तज्ज्ञांना पावडर मारून ठसा उठवायचा होता. मॅडम म्हणाल्या, ब्रश आधी नको. तोच ब्रश काल दुसऱ्या घरात फिरलेला असतो. त्याच्या केसांतून तिथल्या पेशी इथे येऊ शकतात. ठसे तज्ज्ञ म्हणाले, तुमचा रक्त टिपायचा ओला बोळा खाली घसरला तर माझ्या रेषा गेल्या. दोघंही बरोबर. आवाज कोणी चढवला नाही, पण पाचेक मिनिटं दोघांनी काचेकडे बघत चर्चा केली आणि आम्ही ऐकत होतो. ठरलं ते असं. आधी ठशाचा आणि डागाचा पट्टीसह फोटो. मग रक्त फक्त टोकाचं घ्यायचं, रेषांच्या जवळ जायचं नाही. मग तुकडा आख्खा काढून खोक्यात कडांवर अडकवून न्यायचा, पावडर टेबलावर नवीन ब्रशने.

रक्त घेण्याआधी एक छोटी चाचणी झाली. डागाच्या अगदी कडेला गाळणकागदाचं टोक लावलं. त्यावर एक थेंब अल्कोहोल, मग फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइड पडल्याबरोबर कागद गुलाबी झाला. मॅडमनी आम्हाला मुद्दाम दाखवलं, की दुसऱ्या थेंबापर्यंत कागद पांढरा होता. तिसऱ्याआधीच गुलाबी झाला असता तर ती चाचणी बाद. आणि गुलाबी झाला म्हणजे रक्तच, असंही नाही. काही भाज्यांच्या रसाने, तांब्याच्या क्षारांनीही रंग येतो. म्हणजे नमुना पुढे पाठवण्याजोगा आहे, इतकंच. पंचनाम्यातही ‘रक्त’ न लिहिता ‘रक्तासारखे दिसणारे डाग’ लिहिलं. मला हे आवडलं. आमच्या कार्यालयात पाहणी अहवालात लोक बिनधास्त निष्कर्ष लिहून मोकळे होतात.

मग डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओला केलेला बोळा, त्यानंतर एक कोरडा. आणि तिसरा बोळा काचेच्या स्वच्छ भागावर फिरवून वेगळ्या पाकिटात. हा कंट्रोल. काचेवर मुळातच काही असेल तर ते यात दिसेल. प्रत्येक बोळ्यानंतर मॅडम हातमोजे बदलत होत्या. वापरलेले मोजे एका पिशवीत जात होते आणि ती पिशवी फुगत चालली होती. हे मोजे बदलणं मी बघत राहिलो, कारण बाकी शास्त्र मला कळत नव्हतं आणि हात कळत होते.

काच चौकटीतून सोडवायच्या आधी ठसेवाल्यांनी कोपऱ्यात मार्करने ‘आत’ आणि उलट बाजूला ‘बाहेर’ लिहिलं. काच तडकते तेव्हा फटक्याच्या जागेपासून निघणाऱ्या तड्यांच्या कडेवर बारीक वक्र रेषा उमटतात आणि त्या फटक्याच्या उलट बाजूच्या पृष्ठाला काटकोनात मिळतात. त्यावरून फटका कुठून बसला ते सांगता येतं. पण आतली बाजू कोणती हेच लिहिलं नाही तर सगळं फुकट. काच फुटताना थोडा चुरा मारणाऱ्याच्या अंगावरही उडतो. म्हणून जमिनीवरचा चुराही कागदाच्या पुडीत घेतला. संशयिताच्या कपड्यांत कण सापडले तर त्यांचा अपवर्तनांक, म्हणजे त्यांतून जाताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप, या काचेशी ताडून बघतात.

कपाटाच्या कुलपापाशी कटावणीचे ओरखडे होते. त्यावर सिलिकॉनची पेस्ट भरून छाप घेतली. तपासी अधिकाऱ्यांनी हवालदाराला बजावलं, की पुढे हत्यार सापडलं तर ते इथे आणून बसवून बघायचं नाही. बसवलं की मूळ ओरखडा बिघडला आणि हत्यारावर इथला रंग लागला. दागिन्यांच्या स्टीलच्या डब्यावर पावडर फिरवली, ठसे टेपवर उचलले, आणि आजींसकट घरातल्या सगळ्यांच्या बोटांचे ठसे वेगळे घेतले, म्हणजे घरचे कोणते ते बाजूला करता येतात. आजी म्हणाल्या, “माझे कशाला? मीच का चोर?” ठसे तज्ज्ञ हसले आणि काम करता करता त्यांना सांगू लागले, की १८९७ साली कलकत्त्याला जगातलं पहिलं अंगुलिमुद्रा केंद्र निघालं आणि ठशांची वर्गवारी लावण्यात तिथल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांचा मोठा वाटा. आजींचा हात तोवर शाईतून निघालेला होता.

शेजारच्या बंगल्याच्या कॅमेऱ्यात गल्ली दिसत होती. तिथे मला एक गोष्ट नव्याने कळली. डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या पेटीचं, घड्याळ बरोबर आहे का, हे आधी बघायचं. ते मोबाइलच्या वेळेपेक्षा १७ मिनिटं मागे होतं. ते सरळ केलं नाही. फरक तेवढा लिहिला आणि दोन्ही घड्याळं एका फोटोत घेतली. चित्रण काढून घेतल्यावर त्याची हॅश व्हॅल्यू काढली. फाइलमधला एक कण जरी बदलला तरी हा लांबलचक आकडा बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तो लिहावा लागतो.

खरा घोळ झाला टॉवेलचा. चोराने हात कापल्यावर मोरीतला टॉवेल गुंडाळला होता आणि जाताना अंगणात टाकला होता. रक्ताने आणि पावसाने चिंब. हवालदाराने सवयीने प्लास्टिकची पिशवी पुढे केली. मॅडम जवळजवळ ओरडल्याच. ओलं कापड प्लास्टिकमध्ये बंद केलं की आत घाम धरतो, बुरशी आणि जंतू वाढतात, डीएनए कुजून जातो. उन्हात वाळवावं तर ऊन नाही, आणि असतं तरी चालत नाही, कडक उन्हानेही डीएनए मोडतो. सावलीत, वारा अंगावर न घेता, स्वच्छ कागदावर वाळवायचं. श्रावणात, म्हसरूळला, अंगणात!

शेवटी टॉवेलच्या घड्यांमध्ये कोरे कागद घातले, म्हणजे एका बाजूचा डाग दुसऱ्या बाजूला उतरणार नाही. मोठ्या कागदात गुंडाळून तात्पुरतं सील केलं आणि सगळे ठाण्यात. तिथे एका रिकाम्या खोलीत आमच्यासमोर सील फोडलं, दोरीवर कागद टाकून टॉवेल पसरला, खाली आणखी कागद. त्यावर जे गळेल तो कागदही जपून ठेवायचा. खोलीला कुलूप, कुलपावर आमच्या सह्यांची पट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हीच जाऊन पट्टी शाबूत असल्याची खात्री केली, कुलूप उघडलं, वाळलेला टॉवेल कागदी पाकिटात, खालचा कागद वेगळ्या पाकिटात. सील कधी फोडलं, कोणासमोर, पुन्हा कधी लावलं, प्रत्येक पायरी वेळेसह लिहिली. भाऊसाहेब वैतागले होते. “टॉवेलचे एवढे लाड आमच्या घरात पाहुण्यांचेही होत नाहीत,” म्हणाले. मीही कंटाळलो होतो, खोटं कशाला बोलू. आदल्या दिवशी सकाळपासून उभं राहून पाय दुखत होते आणि पंचाला बसायला खुर्ची द्यावी असं कोणत्याच कलमात नसावं.

सीलबंद करणं हे वेगळंच खातं. पाकिटाच्या प्रत्येक जोडावर लाख. मेणबत्तीवर वितळवायची, थेंब पाडायचे, गरम असतानाच पितळी शिक्का दाबायचा. दमट पाकिटाला लाख धरत नव्हती, पापुद्र्यासारखी सुटत होती. म्हणून आधी पाकिटं कोरडी करून घेतली. लेबलवर गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, वस्तूचं वर्णन, जागा, तारीख, वेळ, आमच्या आणि अधिकाऱ्यांच्या सह्या. मी खिशातलं जेल पेन काढलं तर मुद्देमाल कारकुनाने हातातून घेतलंच. “बॉलपेन घ्या साहेब. हे ओलीने पसरतं. कोर्टात तुमचीच सही तुम्हाला ओळखू येणार नाही.” त्याच शिक्क्याचा ठसा एका कोऱ्या कागदावर घेतला. हे नमुना सील. प्रयोगशाळेत पाकीट पोचलं की तिथले लोक आधी त्याच्याशी सील ताडतात, शाबूत आहे का बघतात, मगच पावती देतात. नाशिकची प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा दिंडोरी रोडलाच आहे, म्हणजे घटनास्थळापासून फार लांब नाही. पण पाकीट कोणाच्या हातून गेलं, किती वाजता निघालं, किती वाजता पोचलं, याची नोंद तिथेही तेवढीच.

पंचनामा वाचायला दिला तेव्हा मी तो खरंच वाचला. ‘खिडकीची काच फुटलेली दिसली’ असं वाक्य होतं. मी म्हटलं, तुकडे खोलीच्या आत पडले होते, ते लिहा. आणि कंट्रोलचं पाकीट यादीत नाही, ते घाला. अधिकाऱ्यांनी कुरकुर न करता दोन्ही घातलं, दुरुस्तीशेजारी आम्ही छोट्या सह्या केल्या. पंचाने वाचू नये अशीच काहींची अपेक्षा असते असं ऐकलं होतं. मला तसा अनुभव आला नाही. पण वाचल्याशिवाय सही करणाऱ्या पंचाचं कोर्टात काय होतं, ते नंतर बघायला मिळालं. माझ्या आधी दुसऱ्या एका खटल्यातला साक्षीदार उभा होता आणि पंचनाम्यात किती पाकिटं होती हे त्याला सांगता येईना. वकिलांनी त्याला दहा मिनिटांत मोकळं केलं.

समन्स आलं तोवर मी ते सगळं मागे टाकलं होतं. मधल्या काळात आरोपी पकडले गेले होते, कटावणी दुसऱ्या पंचांसमोर निघाली होती. जिल्हा न्यायालयात, सीबीएस बसस्थानकाजवळ, सकाळी अकराला हजर. पहिल्या तारखेला साक्ष झालीच नाही. झाली त्या दिवशी सरकारी वकिलांनी सरतपासात पंचनामा दाखवला, मजकूर बरोबर आहे का, सही माझी का. मग वस्तू एकेक पुढे आल्या. काचेचं खोकं, साचा, टॉवेलचं पाकीट. लेबलवर माझी सही, बॉलपेनची, जशीच्या तशी. साच्यावरची टाचेची चीर मी ओळखली. ठसा कोणाचा, डीएनए कोणाचा हे पंचाला कोणी विचारत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल असतो, ज्याला कोर्टकचेरीत सगळे अजून सीए (केमिकल ॲनलायझर) रिपोर्टच म्हणतात.

उलटतपास तासभर चालला. बचावाचे वकील अनुभवी आणि बोलायला अतिशय नम्र. सुरुवात ठरलेली. तुम्ही सरकारी नोकर, म्हणून पोलीस सांगतील तसं बोलता. टंकलेखक बाई ओळी घालत होत्या, ‘हे म्हणणे खरे नाही की मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.’ मग ते कामाच्या गोष्टीवर आले. एकाच हातमोज्याने काचेवरचा आणि कंट्रोलचा नमुना घेतला, असं त्यांचं म्हणणं. चित्रीकरण लावलं. त्या क्षणी कॅमेरा ट्रेवर होता, हात चौकटीबाहेर. चित्रीकरण आलं म्हणजे आता पंचाची गरज काय, असं मला कोणी कोणी म्हणतं. त्यांनी हा प्रसंग बघायला हवा होता. कॅमेरा जिकडे वळवला तिकडचंच बघतो. मी सांगितलं, प्रत्येक बोळ्यानंतर मोजे बदलले, वापरलेले एका पिशवीत टाकले, ती पिशवी खिडकीच्या डाव्या हाताला होती. वकिलांनी चित्रीकरण पुढे नेलं. थोड्या वेळाने चौकटीत पिशवी दिसली, डावीकडे, फुगलेली.

मग टॉवेल. “पंचनामा पोलीस ठाण्यात बसून तयार केला, बरोबर?” इथे नेहमीचं ‘खरे नाही’ म्हणून चाललं नसतं, कारण टॉवेलचा भाग ठाण्यातच झाला होता. मी म्हटलं, टॉवेल वाळवण्याचा भाग ठाण्यात, बाकी सगळा घटनास्थळी. “म्हणजे सील फोडलं होतं?” हो, आमच्यासमोर. “रात्रभर टॉवेल उघडा होता?” हो, कुलूपबंद खोलीत, कुलपावर आमच्या सह्यांची पट्टी, सकाळी शाबूत. न्यायाधीशांनी पंचनाम्याचं पान मागितलं. सील फोडल्याची वेळ, पट्टीची नोंद, सकाळची वेळ, सगळं तिथे होतं. ती चार वाक्यं लिहिताना भाऊसाहेब आणि मी जांभया देत होतो. ती नसती तर त्या टॉवेलचं काय झालं असतं हे सांगायला वकील लागत नाही. वकिलांनी आणखी एक-दोन प्रश्न विचारून ‘नो फर्दर क्रॉस’ म्हटलं. भाऊसाहेबांची साक्ष पुढच्या तारखेला झाली. त्यांना डीव्हीआरच्या घड्याळाबद्दल विचारलं आणि १७ मिनिटं मागे हे त्यांनी न बघता सांगितलं म्हणे.

कोणाला असं पत्र आलं तर एक सांगतो. साक्ष झाली वा न झाली, निघण्याआधी कोर्टाच्या लिपिकाकडून हजर असल्याचा दाखला शिक्क्यासह मागून घ्या. त्या पहिल्या तारखेचा, जेव्हा साक्ष झालीच नाही, दाखला मी घेतला होता म्हणून बरं. आस्थापना शाखेने तो दिवस रजेत धरला होता, आणि तो कर्तव्यावर करून घ्यायला मला आमच्याच कार्यालयात तीन टेबलं फिरावी लागली.